करदोड्याची गोफण

फ्लेक्सवरची तारीख चुकली म्हणून कुणी नवा फ्लेक्स छापत नाही. तारखेपुरती पट्टी छापायची आणि जुन्या तारखेवर चिकटवायची. शहापूरच्या बाजारातल्या ‘वेखंडे डिजिटल’मध्ये हे काम नेहमीचं आहे. क्रिकेटच्या स्पर्धा पुढे जातात, सत्यनारायण पुढे जातो, एखाद्याचं लग्नसुद्धा पुढे जातं. पण दुकानाच्या दारालगतच्या एका फ्लेक्सवर मालकाने, म्हणजे आदेश वेखंडेने, पट्टीवर पट्टी अशा इतक्या चिकटवल्या होत्या की तारखेच्या जागी फुगवटा आला होता. लांबून तो गळवासारखा दिसायचा.

‘येतोय आपला गोफण्या!’ असं वर पिवळ्या अक्षरांत होतं. खाली उंच कडा, कड्यावर उघडाबंब पोरगा आणि त्याच्या डोक्यावर गरगरणारी काळ्या दोऱ्याची गोफण. चित्र आदेशने स्वतः जुळवलं होतं. सिनेमा दिवाळीत येणार होता. मग नाताळात. मग मे महिन्याच्या सुट्टीत.

“अहो, पट्टी छापायची का?” झेरॉक्सच्या मशीनमागून त्याची बायको प्रियांका विचारायची. “का या वेळेला नुसतं ‘लवकरच’ लिहूया? मरेपर्यंत चालेल.”

आदेश सरळ पट्टी छापायला घ्यायचा. चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, गिऱ्हाइकाशी एरवी भरपूर बोलणारा हा माणूस गोफण्याच्या बाबतीत थट्टा सहन करत नसे.

गोफण्या ही चित्रकथा मुंबईच्या एका छापखान्यातून महिन्याला एक निघायची. आदेश प्राथमिक शाळेत होता तेव्हाची गोष्ट. गोफण्या हा शेत राखणारा पोरगा. शेतातल्या माळ्यावर उभा राहून गोफणीने पाखरं हाकायची हे त्याचं काम, आणि त्याच गोफणीने तो लाकूडचोर, दरोडेखोर, मूर्ती पळवणारे यांना आडवं करायचा. पुढे छापखाना बंद पडला आणि गोफण्याही थांबला. पण ज्यांनी तो वाचला होता त्यांच्या डोक्यातून गेला नाही. पुण्यामुंबईच्या पोरांकडे तो घरपोच यायचा. आदेशच्या गावी, शेणव्यात, तो रद्दीतून यायचा.

शेणव्याच्या नाक्यावर गणूची केस कापायची टपरी होती. पत्र्याची, एका खुर्चीची. दाढी करताना वस्तऱ्यावरचा फेस पुसायला त्याला कागद लागायचा. त्यासाठी तो शहापूरहून रद्दी आणायचा आणि त्या रद्दीत गोफण्याचे अंक असायचे. गणू पानं मागून फाडायचा. पुढून फाडली असती तर बाकावर बसलेल्या पोरांना गोष्टच लागली नसती आणि पोरं टपरीवर टिकली नसती. त्यामुळे शेणव्यात आलेल्या कुठल्याही अंकाला शेवट नसायचा. पोरगं अंक घेऊन खुर्चीत बसायचं आणि विचारायचं, “गणूकाका, पुढं काय झाला?” गणू मान खाली दाबायचा, मशीन चालवायचा आणि पुढं काय झालं ते सांगायचा. पान त्यानेच फाडलेलं, त्यामुळे त्यावर काय होतं ते त्याला ठाऊक असणारच, यात कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही.

त्यातला एक शेवट शेणव्याच्या एका पिढीला पाठ आहे. ‘काळकड्याचा कैदी’ हा अंक. गोफण्या कड्यावर अडकलाय, खालून चोर वर चढतायत आणि ऐन वेळी गोफण तुटते. गोफण्या कमरेचा करदोडा तोडतो. त्याचाच पीळ घालून, खिशाचं फडकं मधे बांधून नवी गोफण वळतो आणि पहिल्याच दगडात म्होरक्याला लोळवतो.

हे ऐकल्यावर शेणव्यात काय झालं ते आजही तिथली माणसं सांगतात. पोरांनी आपापले करदोडे तोडले. एकाचा पुरेना म्हणून तिघा-तिघांचे एकत्र वळले. करदोडा तुटला तर त्याच दिवशी नवा बांधायचा, पोराची कंबर मोकळी ठेवायची नाही, अशी तिथली रीत. संध्याकाळी घरोघरी मार बसला. आदेशला आईने चिंचेच्या फोकाने मारलं. त्याचा मित्र दामू याने मार खाताखाता ओरडून सांगितलं होतं, “गोफण्याच्या आयनं नाय मारला त्याला!”

गणूने टपरी बंद केली तेव्हा उरलेले सगळे अंक आदेशने मागून आणले. ते आजही त्याच्याकडे आहेत, दुकानाच्या माळ्यावर, फ्लेक्सच्या तुकड्यात गुंडाळून. एकालाही शेवटचं पान नाही. “पाहिजे कशाला?” तो म्हणायचा. “मला पाठ आहेत.”

सिनेमा येणार अशी बातमी आली तेव्हा त्याने फोनवर ग्रुप काढला, ‘गोफण्या मंडळ, शहापूर-मुरबाड’. शेणव्याची सगळी जुनी पोरं त्यात आली. दामू आला. दामू आता भातशेती करतो आणि बाकीचे महिने स्वतःचा टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने चालवतो. मुरबाडहून सोनाली आली. ती शाळेत शिक्षिका आहे आणि गोफण्याची तेवढीच भक्त. मंडळाचं एकच म्हणणं होतं, सिनेमात करदोड्याचा प्रसंग आला पाहिजे. आदेशने ते सिनेमाच्या इंटरनेटवरच्या पानावर जाऊन लिहिलं. ‘तुमचा आवडता प्रसंग सांगा’ असं तिथे विचारलेलंच होतं.

लगेच कुणीतरी खाली विचारलं, “हा प्रसंग कुठल्या अंकात आहे?”

“काळकड्याचा कैदी,” आदेशने लिहिलं.

“त्यात असं काही नाही.”

तिथून जे सुरू झालं ते महिनोन् महिने संपलं नाही. पुण्याचे एक संग्राहक होते, कोल्हापूरचा एक डॉक्टर होता. सगळे सभ्य भाषेत एकच सांगत, असं काही नाही. आदेश असभ्य भाषेत सांगे, आहे. ग्रुपवर सोनालीने एकदा हळूच लिहिलं, “आदेशभाऊ, मला शेवटी पोलिसांची जीप आल्याचं आठवतं. आमच्या मुरबाडच्या वाचनालयात होता तो अंक.”

“मॅडम, तुम्ही दुसरा अंक वाचला असेल,” आदेशने लिहिलं. दामूने त्याखाली अंगठ्याचं चित्र टाकलं. मग दाखवायचं म्हणून सगळ्या शेणव्याने टाकलं. सोनाली पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

सिनेमावाल्यांकडून जे जे कळत गेलं त्याने राग वाढतच गेला. गोफण्याचा कडा म्हणजे सिद्धगड, हे शेणव्यात लहान पोरही सांगेल. शाळेत असताना आदेश आणि दामू मुरबाडला एसटीने गेले होते आणि सिद्धगडाखालच्या रानात दिवसभर हिंडून ‘ती’ जागा शोधून आले होते. पण चित्रीकरण सिद्धगडला झालं नाही. कुठल्यातरी स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर झालं. आणि मग झलक आली.

दामू त्या दिवशी टेम्पो मधेच उभा करून दुकानात आला. फोन त्याने काउंटरवर ठेवला.

“बघ. बघ रे आद्या. हा काय करतो?”

झलकेत गोफण्या गोफण गरगर फिरवत होता आणि शेवटी अख्खी गोफण हातातून सोडून देत होता. दगडासकट गोफण उडत जात होती.

“एक टोक बोटात ठेवायचा असतो, एक सोडायचा,” दामू म्हणाला. “माजी आय पन सांगंल. हा काय दर दगडाला नवी गोफण आनतो? बापाचा कारखाना हाय का गोफणींचा?”

“लिहितो मी त्यांना,” आदेश म्हणाला.

“तू लिव्हतोच हायेस. दोन वर्सं लिव्हतोस. करदोडा तरी ठेवलाय का नाय त्यानी?”

“तो कसा काढतील? तोच तर सिनेमा आहे.”

“आवो दामूभावजी,” प्रियांका म्हणाली, “टेम्पो रस्त्यात हाय तुमचा. हॉर्न ऐकू येतात का?”

तारीख अखेर नक्की झाली, नवरात्राच्या आधीची. आदेशने शेवटची पट्टी चिकटवली. मंडळाने कल्याणच्या थिएटरात पहिल्या दिवशीच्या खेळाची एक अख्खी रांग घेतली. आणि त्याच आठवड्यात पुण्याच्या त्या संग्राहकांनी ‘काळकड्याचा कैदी’ हा अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फोटो काढून सिनेमाच्या पानावर टाकला. भांडण मिटावं म्हणून टाकला होता. तसं त्यांनी लिहिलंही होतं.

आदेशने तो दुकानात, मोठ्या स्क्रीनवर उघडला. पुढची पानं त्याच्या ओळखीची होती. मग त्याच्या प्रतीत नसलेली पानं आली. गोफण तुटते. गोफण्या “वाचवा!” म्हणतो. पुढच्या चौकटीत पोलिसांची जीप. मिशीवाले इन्स्पेक्टर हवेत गोळी झाडतात, चोर हात वर करतात. शेवटच्या चौकटीत इन्स्पेक्टर गोफण्याला पेढा भरवतात.

त्याने चित्र मोठं करून पाहिलं. गोफण्याने गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा घातला होता, सदरा चड्डीत खोचलेला आणि चड्डीला पट्टा. तो पहिल्यापासून तसाच होता. प्रत्येक अंकात, प्रत्येक चौकटीत पट्टा. करदोडा दिसेल अशी जागाच चित्रकाराने कधी ठेवली नव्हती, आणि आदेश हे अंक तीस वर्षं पाहत आला होता. कडाही नुसता काळकडा होता. सिद्धगडचं नाव कुठेच नव्हतं.

“काय झालं?” प्रियांकाने विचारलं.

“खोटा अंक असेल. नंतर छापलेला.” तो उठला. “शेणव्याला जाऊन येतो.”

गणूला साक्षीदार करायचं, त्याचा फोटो आणि बोलणं पुण्याला पाठवायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. पान ज्याने फाडलं तोच सांगेल पानावर काय होतं ते.

गणू ओटीवर बसला होता. सत्तरी कधीच मागे पडलेली, हाताला थोडा कंप. त्याची बायको भागी बाजूला सुकट निवडत होती. आदेशने आधी फोटो काढला. गणू हलला नाही, फोटोसाठी म्हातारी माणसं बसतात तसा ताठ बसून राहिला.

“गणूकाका, गोफण्या आठवतो ना?”

“कंचा?”

“गोफण्या. पुस्तकं नव्हती का टपरीवर? चित्रांची?”

“आसतील. रद्दी व्हती ती.”

“त्यातला काळकडा. गोफण तुटते, मग तो करदोड्याची गोफण करतो. शेवटचं पान. तुम्हीच सांगितलं होतं आम्हाला.”

“मी?”

“तुम्ही. पान तुम्ही वाचून मग फाडलं असेल ना?”

भागी हसायला लागली. हातातली सुकट सुपात टाकून हसली.

“वाचून? आरं, याला वाचाया कुठं येतंय! सही करतो, तीबी बोटाएवडी. येक गणू लिव्हाया सकाळ जाते.”

आदेश तिच्याकडे वळला.

“मग ते शेवट?”

“तुमी पोरं खुर्चीत गप बसत होता का?” भागी म्हणाली. “मान हलवली का कान जायचा. म्हून ह्यो कायबाय सांगत बसायचा. समोर दिसंल ते. कंदी कुत्रा दिसला का कुत्र्याचा सांगायचा, कंदी डोंगर. घरी येऊन मला सांगायचा, आज पोरांना आसा फसवला म्हून.”

“आणि करदोडा?”

“त्या दिशी कुनाचातरी तुटला व्हता. पोरगा रडत बसला व्हता खुर्चीत, आय मारंल म्हून. तुजा नायतर दाम्याचा. मंग ह्यानं सांगितला आसंल कायतरी.”

“काका, खरं का?”

“नाय बा ठाऊक,” गणू म्हणाला. “गोष्ट बरी हाय पन. करदोड्याची गोफण. पुरंल का पन तेवडा दोरा?”

“तिघांचा लागतो,” आदेश म्हणाला.

पुण्याला पाठवायला त्याच्याकडे आता काही नव्हतं. परत येताना त्याने ग्रुपवर काही लिहिलं नाही. कल्याणला जायच्या दिवसापर्यंत लिहिलं नाही. दामू रोज विचारायचा, “त्या पुणेकराला काय उत्तर दिलास?” आणि आदेश म्हणायचा, “सिनेमा बघून देतो.” खोटं नव्हतं ते. सिनेमावाल्यांनी दोन वर्षं त्याचं लिहिणं वाचलं असणार. अंकात नसलं म्हणून काय झालं, सिनेमात घालता येतं. एवढी एक जागा त्याने स्वतःसाठी ठेवली होती.

थिएटरात शेणव्याची रांग मधोमध होती. सोनालीही मुरबाडहून येऊन त्याच रांगेत टोकाला बसली. सिनेमा लांबलचक होता, गाणी होती, गोफण्याला शहरातून आलेली मैत्रीण होती. दामू अर्धा वेळ “ह्या!” करत होता. मग कडा आला. गोफण तुटली. अख्खी रांग पुढे सरकली. दामूने आदेशचा गुडघा धरला. पडद्यावर गोफण्याने खाली पाहिलं आणि त्याचा हात कमरेकडे गेला.

आदेश खुर्चीतून अर्धा उठला. तोसुद्धा, सगळं ठाऊक असून.

गोफण्याने पट्ट्यातून शिट्टी काढली आणि वाजवली. मागून चार जीप आल्या.

पार्किंगमध्ये टेम्पोशेजारी सगळे गोळा झाले तेव्हा कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. सीन कापला, पुण्यावाल्यांनी कापायला लावला, गावाकडचं दाखवायची लाज वाटते यांना, असं चाललं होतं. दामूचा आवाज सगळ्यात मोठा होता.

“कापला नाय,” आदेश म्हणाला. “नव्हताच तो.”

“काय नव्हता?”

“अंकात. गणूकाकाने मनानं सांगितला होता. त्यांना वाचता येत नाय. भागीकाकीला विचार.”

“भागीकाकीला? ती म्हातारी काल काय जेवली ते सांगंल का? मी माज्या कानानं ऐकलाय तो सीन!”

“तेच सांगतोय. कानानंच ऐकलायस. डोळ्यानं कुठं बघितलास?”

दामू एक पाऊल पुढे आला. “कदी कळला तुला ह्या?”

“झाला आठवडा.”

“आनि आमाला इथवर आनलास? आठवडाभर गप?” तो बाकीच्यांकडे वळला. “ह्याला फोडलाय. पुण्याच्यांनी फोडलाय ह्याला.”

सोनाली बाजूला रिक्षाची वाट बघत उभी होती. आदेश तिच्याकडे गेला. “मॅडम, जीपच होती.”

“मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “पण खरं सांगू? मला तेव्हाही ती जीप आवडली नव्हती. तुमचं ऐकल्यावर वाटलं, बरं झालं, माझंच चुकलं असेल.”

टेम्पोत परतीला आदेशला मागच्या कोपऱ्यात जागा मिळाली. शहापूर येईपर्यंत त्याच्याशी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दामूने नवा ग्रुप काढला, ‘खरा गोफण्या मंडळ’. जुन्या ग्रुपमध्ये आदेश आणि सोनाली उरले.

नव्या मंडळाने निषेधाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. फ्लेक्स छापायला मात्र दामूला वेखंडे डिजिटलमध्येच यावं लागलं. त्याच दिवशी हातात फ्लेक्स देणारं दुसरं दुकान जवळपास नाही. तो काउंटरशी उभा राहिला आणि आदेशकडे न बघता प्रियांकाला म्हणाला, “वयनी, मजकूर घ्या. ‘आमचा करदोडा परत द्या.’ चित्र त्याच जुन्या फ्लेक्सचा. खाली शुभेच्छुक म्हून आमचे सगळ्यांचे फोटो.”

“करदोडा परत द्या?” प्रियांका म्हणाली. “लोक काय समजतील, भावजी?”

“समजायचा ते समजतील.”

आदेशने काम स्वतः घेतलं. त्याच चित्राच्या दामूने फोनवर जुळवून पाठवलेल्या नमुन्यात करदोडा लाल झाला होता. तो त्याने काळा केला. गोफणीचं एक टोक पोराच्या बोटात अडकवलं, दुसरं मोकळं ठेवलं. खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो ओळीने लावले. दामू, त्याचा भाऊ, भिवंडीच्या गोदामात जाणारे दोघे. शेवटी एक गोल रिकामा राहिला. फ्लेक्सवर रिकामा गोल कुणी ठेवत नाही. आदेशने फोनमधला गणूचा फोटो काढून तिथे बसवला. खाली नाव घातलं नाही.

“ह्यो म्हातारा कशाला?” छापून झाल्यावर दामूने विचारलं. भांडणानंतर तो आदेशशी पहिल्यांदाच बोलला.

“जागा भरायला.”

दामूने फ्लेक्स गुंडाळला. मग गुंडाळी खांद्यावर टाकून निघून गेला. जुन्या ग्रुपमध्ये तो परत आला नाही.

फ्लेक्स शेणव्याच्या नाक्यावर लागला, जिथे पूर्वी टपरी होती त्याच्या समोर. सिनेमावाल्यांपर्यंत त्याची खबर गेली नाही, आणि सिनेमा पुढच्या आठवड्यात थिएटरातून उतरला. नंतर एकदा आदेश कामासाठी शेणव्याला गेला तेव्हा गणू काठी टेकत फ्लेक्सखाली उभा होता. त्याने आदेशला ओळखलं की नाही, सांगता येत नव्हतं.

“ह्यो मीच ना?” गणूने वर बोट दाखवून विचारलं.

“तुम्हीच.”

गणूने मान तिरकी करून स्वतःचा फोटो बराच वेळ तपासला.

“कानामागं केस रायलेत,” तो म्हणाला. “कापून तरी फोटो काढायचास.”